कड्यावरचे दोघे

चाकणच्या संग्रामदुर्गाला कडा नाही. सपाटीवरचा हा भुईकोट. भोवती खंदकाच्या खुणा, थोडी तटबंदी, आणि आता चहूकडे कारखान्यांकडे निघालेल्या अवजड गाड्यांचा गलबला. इ. स. १६६० च्या जूनमध्ये शाएस्ताखानाने त्याला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्याने थोडक्या लोकांनिशी तो सुमारे पावणेदोन महिने झुंजविला. अखेर खानाच्या लोकांनी भुयार खणून सुरुंगाने बुरूज उडविला आणि ऑगस्टात किल्ला पडला. हा प्रसंग शिकविताना मी मुलांना सांगतो की, भुईकोट घ्यायचा तर जमिनीखालून जावे लागते आणि डोंगरी किल्ला घ्यायचा तर कड्यावरून. पहिले काम सुरुंग खणणाऱ्याचे. दुसरे कोणाचे?

“घोरपडीचे!” असे उत्तर वर्गातून हमखास येते.

मुलांचा दोष नाही. तानाजी मालुसऱ्याने कोंढाणा घेतला तो घोरपडीच्या कमरेला दोर बांधून, हे आपण पाळण्यापासून ऐकत आलो. लोकांनी तिचे नावसुद्धा ठेवले, यशवंती. घोरपडे आडनावाच्या मूळकथेतही अशीच एक घोरपड तटावर चढते. तेव्हा ही कल्पना कोंढाण्यापुरती नाही, हे उघड आहे. परंतु कृष्णाजी अनंत सभासदाने इ. स. १६९७ मध्ये, म्हणजे त्या रात्रीनंतर अवघ्या सत्तावीस वर्षांनी, जिंजीस बसून जी बखर लिहिली, तीत घोरपड नाही. तीत माणसे आहेत. तानाजीने दोन मावळे निवडले आणि रात्री त्यांना कड्यावर चढविले. ते वानरासारखे चपळाईने वर गेले. त्यांनी वरून माळ, म्हणजे दोराची शिडी, लावली. आणि मग त्या माळेवरून तानाजीसह तीनशे माणूस गडावर गेला. एवढीच हकिकत. त्या दोघांची नावे सभासदाने दिलेली नाहीत.

त्या रात्रीचा विचार करावा. पुरंदरच्या तहात, १६६५ साली, मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांपैकी हा एक. वर उदेभान राठोडाची शिबंदी. तिथी माघ वद्य नवमी, तारीख ४ फेब्रुवारी १६७०. वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो. त्याआधी चढले असतील तर काळोख आणि नंतर चढले असतील तर पहारेकऱ्याच्या डोळ्यांना उजेड. सह्याद्रीचा कातळ थरांचा असतो. एका थराची उभी भिंत, वर हातभर सपाटी, पुन्हा भिंत. त्या सपाटीवर माघात वाळलेले गवत असते, आणि ते मुठीत धरले की मुळासकट हाती येते. एक धोंडा निसटला तरी गड जागा व्हायचा. या दोघांना वरून दोराचा आधार नव्हता. दोर त्यांच्याच खांद्यावर होता. मागून आलेल्या तीनशेंचा जीव त्यांनी वर कोठे आणि कशी गाठ मारली यावर होता. पुढे तानाजी आणि उदेभान एकमेकांच्या हातून पडले, सूर्याजीने लढाई सावरली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या दोघांचे काय झाले, ते जगले की चकमकीत कामास आले, याविषयी अक्षर नाही. कादंबरी लिहिणाऱ्याला येथे मोठा मोह होतो. दोघांना नावे द्यावीत, गाव द्यावे, एकाला वाट पाहणारी म्हातारी आई द्यावी. मी तो मोह आवरला. त्यांचे निनावी असणे हीच खरी हकिकत आहे.

हे कसब एका रात्रीचे नव्हते. तीनच वर्षांनी, मार्च १६७३ मध्ये, कोंडाजी फर्जंद साठ माणसांनिशी पन्हाळ्याचा कडा रात्रीच चढून गेला. कसब मावळातून कोल्हापुराकडे गेले. जेथे गड तेथे ते जाई. याच सभासदाने पायदळाची रचना तपशिलाने दिली आहे. दहांवर नाईक, पन्नासांवर हवालदार, जुमलेदाराला शंभर होन, हजारीला पाचशे. कडा चढण्याची तैनात मात्र त्या यादीत मला सापडली नाही.

युरोपात हाच धंदा वेगळ्या नशिबाने वाढला. आल्प्समध्ये मॉन्ट ब्लँकचा माथा गाठणाऱ्यास सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने बक्षीस लावले होते. डोंगरात स्फटिक शोधून पोट भरणारा जाक बाल्मा १७८६ साली डॉक्टर पाकारबरोबर तेथे पोचला. पुढे १८२१ मध्ये शामोनीच्या वाटाड्यांनी आपला संघ स्थापिला, आणि बाल्माचा पुतळा त्या गावात आजही उभा आहे. वाटाड्याचा पुतळा!

आमच्याकडे दोरावरच्या माणसाला पुढचे मोठे काम मिळाले ते आगगाडीने. बोरघाटाचा लोहमार्ग १८५६ ते १८६३ या काळात झाला. पावणेसोळा मैलांत अठराशे फुटांवर चढण आणि पंचवीस बोगदे. उभ्या कड्यांत सुरुंगाची भोके पाडण्यासाठी मजुरांना दोरांनी खाली सोडावे लागे. पटकीने आणि अपघातांनी हजारो मेले. मुख्य अभियंता जेम्स बर्कलीचे नाव राहिले, ठेकेदार ट्रेडवेलचे राहिले, आणि तो १८५९ मध्ये वारल्यावर काम पुढे नेणाऱ्या त्याच्या पत्नीचेही राहिले. दोराला लोंबणाऱ्याचे एकही नाही.

त्याच घाटात आज माझा एक जुना विद्यार्थी काम करतो. आधी तो चाकणच्या एका कारखान्यात यंत्रावर होता. गुरुवारच्या सुटीला मित्रांबरोबर तैलबैला, नागफणी, ढाकचा बहिरी असे कातळ चढता चढता हात तयार झाला आणि त्याने नोकरी सोडली. जुलै २०१५ मध्ये द्रुतगती मार्गावर अडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून माणसे दगावली. त्यानंतर सैल खडक पाडून कड्यांना लोखंडी जाळ्या लावण्याची कामे निघाली, आणि अशा मुलांना मागणी आली. घाट संपला की पवनचक्क्यांचे मनोरे, ते संपले की धुराडी. वर्षातले आठ महिने तो घराबाहेर असतो.

सभासदाचा तो उतारा मी त्याला वाचून दाखविला आणि विचारले, “अरे, दोघेच का निवडले असतील? चार का नाहीत?”

त्याला विचार करावा लागला नाही. “सर, एक चढतो, दुसरा त्याचा दोर सांभाळतो. तिसऱ्याचे वर काम नसते, तो फक्त दगड पाडतो. आणि वर पोचल्यावर एकाने गाठ मारायची, दुसऱ्याने ती तपासायची. आम्ही आजही असेच करतो.”

मग त्याने सहज आपली पगाराची चिठ्ठी दाखविली. ठेकेदाराने हुद्द्याच्या रकान्यात ‘हेल्पर’ लिहिले आहे. विम्याच्या कागदावरही तेच, म्हणजे जमिनीवर उभे राहून सामान देणारा माणूस. उद्या काही घडले तर, हा माणूस कड्यावर गेलाच कशाला, असे विचारायला विमावाले मोकळे. त्याच्या आईला हे ठाऊक नाही. हुद्दा बदलून घेण्यासाठी त्याने अर्ज लिहून आणला होता. भाषा तेवढी पाहा म्हणाला. मी ‘हेल्पर’ खोडून ‘कडा चढणारा’ असे लिहिले. तो हसला. “सर, असा हुद्दा त्यांच्या यादीत नाही.”

अर्ज तसाच पाठविला आहे.