केंब्रिक

कुर्त्यासाठी कॉटन केंब्रिक मागताना आपण उत्तर फ्रान्समधल्या कांब्रे गावाचंच नाव घेत असतो. फ्लेमिश लोक गावाला ‘कामेरिक’ म्हणत. तिथून शब्द इंग्रजीत गेला आणि पुढे आपल्या कापडबाजारात आला. मूळ केंब्रिक मात्र सुती नव्हेच. ते जवसाच्या ताटातून काढलेल्या धाग्याचं, तलम आणि पांढरंशुभ्र.

गाव सीमेवरचं, त्यामुळे लढाया आणि तह पाचवीला पुजलेले. १५२९मध्ये फ्रान्सच्या राजाची आई लुईझ आणि सम्राट पाचव्या चार्ल्सची आत्या मार्गारेट यांनी इथेच तह घडवला. दोघी नात्याने नणंद-भावजय, हे विशेष! १९१७मध्ये ब्रिटिशांनी इथे ४००हून अधिक रणगाडे उतरवले.

खुद्द फ्रेंच या कापडाला ‘बातिस्त’ म्हणतात. कांब्रे म्हटलं की त्यांना आठवतात त्या पुदिन्याच्या ‘बेतीझ’ गोळ्या. बेतीझ म्हणजे वेडेपणा.