शिरपाव, बही आणि उपाधी : लोकांतील पर्यावरणशिक्षकांच्या गौरवाची भारतीय परंपरा

अनुपम मिश्र यांच्या 'आज भी खरे हैं तालाब' (१९९३) या हिंदी ग्रंथात तलाव बांधणाऱ्या माणसांवर एक संपूर्ण प्रकरण आहे. हे तलाव कोणी बांधले, ती माणसे अनामिक कशी झाली, हा त्या प्रकरणाचा प्रश्न. त्यात 'गजधर' भेटतो. तीन हातांची गजाची काठी बाळगणारा, जमिनीचा उतार डोळ्यांनी वाचणारा हा स्थपती नव्या हाताला काम शिकवीत असे, आणि शिकून तयार झालेला साथी 'जोडिया' म्हणून ओळखला जाई. तलाव पुरा झाला की गाव गजधराचा सन्मान करी. मिश्र यांनी या सन्मानासाठी जो शब्द नोंदविला आहे, तो मराठी वाचकाला थबकायला लावतो. तो शब्द 'सिरोपाव'.

आपला 'शिरपाव' तो हाच. मूळ फारसी 'सर-ओ-पा', म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतचा पोशाख. पेशवेकालीन कागदपत्रांत लढाई मारून आलेल्या सरदाराला, वकिली यशस्वी करून परतलेल्या कारकुनाला शिरपाव मिळतो. आज मराठीत तो शब्द केवळ लाक्षणिक अर्थाने उरला आहे, आणि तोही बहुधा वृत्तपत्रांच्या मथळ्यांत. राजस्थानात मात्र पाण्याचे शास्त्र जाणणाऱ्या आणि ते शिकविणाऱ्या माणसाला पागोटे बांधले जाई, चांदीची बटणे दिली जात, क्वचित सोन्याचीही. काही ठिकाणी जमीन नावे करून दिली जाई. दरबारी सन्मानाचा शब्द गावाने उचलला आणि आपल्या गरजेप्रमाणे वापरला. विद्या आणि बांधकाम अशा दोन्हींसाठी हा एकच पोशाख होता, आणि तो देणारे लोक रोज त्याच तलावाचे पाणी पिणारे होते. गजधराची परीक्षा त्यांनी आधीच घेतलेली असे.

प्रस्तुत निबंधाचा विषय हा गौरव आहे. येथे 'पर्यावरणशिक्षक' हा शब्द पदवीच्या अर्थाने वापरलेला नाही. झाड, पाणी, बी, पक्षी यांविषयीचे ज्ञान आपल्या समाजाला देणारी व्यक्ती एवढाच अर्थ अभिप्रेत आहे. अशा व्यक्तींना भारतीय समाजांनी आणि नंतर भारतीय राज्याने कोणत्या शब्दांत गौरविले, आणि त्या शब्दांत त्यांचे शिक्षकपण कितपत टिकले, हे पाहावयाचे आहे. साहित्याच्या अभ्यासकाने या वाटेला का जावे, असे कोणी विचारील. गौरव ही मुळात भाषिक कृती आहे, हे त्याचे उत्तर.

खुद्द 'पर्यावरण' या शब्दापासूनच भाषाभाषांत फरक पडतो. हिंदी आणि मराठीने हा नवा संस्कृत शब्द घेतला. मलयाळममध्ये त्या अर्थी 'परिस्थिति' म्हणतात, कन्नडमध्ये 'परिसर'. आपल्याकडे परिस्थिती सुधारते किंवा बिघडते, आणि परिसर शाळेच्या भोवतीचा असतो. प्राथमिक शाळेतला विषय 'परिसर अभ्यास' म्हणूनच परिचित आहे. तुलनेच्या वर्गात हे शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले की विद्यार्थी प्रथम हसतात. मग कोणीतरी म्हणतो की मलयाळम शब्दात माणसाची अवस्थाही येते, आणि चर्चा सुरू होते.

गौरवाचा सर्वांत जुना सलग धागा मारवाडात सापडतो. जांभोजींनी १४८५ मध्ये विश्नोई पंथाची स्थापना केली. त्यांचे एकोणतीस नियम आणि त्यांची 'सबदे' ही पिढ्यान् पिढ्या म्हटली गेलेली शिकवण होय. हिरवे झाड तोडू नये, प्राण्यांवर दया करावी, ही शिस्त त्या नियमांत आहे. १७३० मध्ये जोधपूरच्या महाराजा अभयसिंहांच्या माणसांनी खेजडली गावात खेजडीची झाडे तोडावयास घेतली, तेव्हा अमृतादेवी आणि तिच्या तीन मुली झाडांना मिठी मारून उभ्या राहिल्या आणि मारल्या गेल्या. पाठोपाठ गावोगावचे विश्नोई आले. एकूण ३६३ माणसांनी प्राण दिले.

या घटनेची स्मृती कशी राखली गेली, हे येथे महत्त्वाचे आहे. ३६३ हा आकडा नुसता आकडा राहिला नाही. वंशावळ्या राखणाऱ्या भाटांच्या बह्यांतून त्याच्यामागची नावे आणि गावे टिकली. दरवर्षी भाद्रपद शुद्ध दशमीला खेजडलीत मेळा भरतो. समाजाने आपल्या हुतात्म्यांना पदक दिले नाही, त्यांची नावे वहीत लिहिली आणि एक तिथी पाळली. पुढे राजस्थान सरकारने आणि केंद्र सरकारने अमृतादेवींच्या नावे पुरस्कार सुरू केले. केंद्राचा पहिला पुरस्कार चिंकारा वाचविताना मारल्या गेलेल्या गंगाराम विश्नोई यांना मरणोत्तर दिला गेला. येथपर्यंत बही आणि शासकीय पुरस्कार यांची दिशा एकच दिसते. २०१३ मध्ये मात्र पर्यावरण मंत्रालयाने ११ सप्टेंबर हा 'राष्ट्रीय वनहुतात्मा दिन' ठरविला. तारीख खेजडलीच्या बलिदानाची, स्मरण मुख्यतः कर्तव्य बजावताना मरण पावलेल्या वनकर्मचाऱ्यांचे. वनरक्षकांचे बलिदान कमी लेखण्याचा हेतू नाही. पण खेजडलीत कुऱ्हाड राज्याच्या माणसांच्या हाती होती आणि मेले ते प्रजाजन. या दिनात त्या दोन बाजूंमधली रेषा पुसली जाते, आणि तिच्याबरोबर विश्नोईंनी दिलेला धडाही.

स्वतंत्र भारतातील शासकीय पुरस्कारांची चौकट १९८० च्या दशकात तयार झाली. वनीकरण आणि पडीक जमिनीच्या विकासासाठी 'इंदिरा प्रियदर्शिनी वृक्षमित्र' पुरस्कार १९८६ मध्ये आला, पर्यावरणरक्षणासाठी 'इंदिरा गांधी पर्यावरण पुरस्कार' १९८७ मध्ये. शिक्षणाचा प्रश्न न्यायालयाच्या वाटेने आला. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण हा शिक्षणाचा सक्तीचा विषय व्हावा असा आदेश दिला आणि २००३ मध्ये त्याचा पाठपुरावा केला. पदवीवर्गांना पर्यावरण-अभ्यासाची सक्तीची अभ्यासपत्रिका त्यातून लागली. म्हणजे पुरस्कार एका खात्याकडे राहिले, अभ्यासक्रम दुसऱ्याकडे गेला. लोकांत शिकविणारी माणसे या दोहोंच्या मधल्या जागेत उभी होती.

एका पुरस्काराच्या निवड समितीवर काही वर्षांपूर्वी बसण्याचा योग प्रस्तुत लेखकाला आला होता. अर्जात किती रोपे लावली, किती जगली, किती हेक्टर, किती शिबिरे, असे रकाने होते. काय शिकविले, कोणत्या भाषेत, कोणाकडून शिकले, यांसाठी रकाना नव्हता. एका वृद्ध बाईंच्या अर्जाचे बरेच रकाने कोरे होते. त्या गावच्या मुलींना रानभाज्या ओळखायला शिकवीत. त्यांचा अर्ज पहिल्याच फेरीत बाजूला ठेवला गेला, आणि समितीतील आम्ही कोणीही, मीदेखील, त्यावर बोललो नाही.

पुरस्कार नाकारणे हीदेखील शिकविण्याची रीत होऊ शकते, हे सुंदरलाल बहुगुणा यांनी दाखविले. १९८१ मध्ये त्यांनी पद्मश्री स्वीकारली नाही. हिमालयातील झाडे तुटत असताना हा मान घेणे त्यांना पटले नाही. २००९ मध्ये त्यांनी पद्मविभूषण स्वीकारले. ज्या रेणी गावात २६ मार्च १९७४ रोजी गौरादेवी आणि त्यांच्याबरोबरच्या स्त्रियांनी जंगल राखले, त्या गावाने गौरादेवींचा पुतळा उभारला होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये ऋषिगंगेला आलेल्या महापुराने रेणीला तडाखा दिला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये खचत्या जमिनीमुळे तो पुतळा गावातून हलवावा लागला.

लोकांनी दिलेल्या उपाधींचा विचार थोडा विस्ताराने करावयास हवा, कारण सन्मानाचे खरे भाषिक काम तेथे चालते. कर्नाटकात मागडी तालुक्यातील हुलिकल गावच्या तिम्मक्का यांना शाळा मिळाली नाही. पती चिक्कय्या यांच्यासह त्यांनी हुलिकल ते कुदूर या सुमारे चार किलोमीटरच्या रस्त्यावर वडाची झाडे लावली आणि पाण्याच्या घागरी वाहून ती वाढविली. ३८५ हा त्यांचा आकडा सर्वत्र सांगितला जातो. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या निवर्तल्या. कन्नड लोकांनी त्यांच्या नावामागे 'सालुमरद' हा शब्द लावला. 'सालु' म्हणजे रांग, 'मर' म्हणजे झाड. ओळीने लावलेल्या झाडांची तिम्मक्का.

ही उपाधी साधी दिसते, पण तिच्यात लांबचा इतिहास आहे. रस्त्याच्या कडेने सावलीसाठी झाडे लावणे हे भारतीय परंपरेत राजाचे कर्तव्य मानले गेले. अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात मार्गांवर वड लावल्याची नोंद आहे. कन्नड लोकांनी एका शेतमजूर स्त्रीला राजाच्या कामाचे नाव दिले. इतर भाषांतील वृत्तपत्रांनी मात्र तिची 'वृक्षमाता' केली. मूल नव्हते म्हणून झाडांना मुले मानले, ही कथा मग तीच ती सांगितली गेली. तिम्मक्का स्वतःही झाडांना मुले म्हणत, हे खरे. तथापि 'माता' या शब्दाने वात्सल्य पुढे येते आणि कौशल्य मागे पडते. वडाची फांदी कोणत्या ऋतूत लावावी, कुंपण कशाचे करावे, उन्हाळ्यात पाणी किती घालावे, हे ज्ञान होते. 'सालुमरद' या शब्दात निदान झाडांची रांग दिसते.

दुसरे उदाहरण केरळच्या कण्णूर जिल्ह्यातील. पोक्कुडन हे पुलय जातीत जन्मलेले शेतमजूर आणि कम्युनिस्ट कार्यकर्ते. शाळा दुसरीतच सुटली. १९८९ पासून त्यांनी पळयंगाडीच्या खाडीकाठी कांदळाची रोपे लावली. पावसाळ्यात बांधावरून शाळेत जाणाऱ्या मुलांना वाऱ्यापासून आडोसा व्हावा, हे एक कारण ते सांगत. मलयाळममध्ये कांदळाला 'कंडल' म्हणतात, आणि कोकणातील वाचकाला हा शब्द परका वाटणार नाही. 'कल्लेन पोक्कुडन' हे त्यांचे नाव लोकांच्या तोंडी 'कंडल पोक्कुडन' झाले. ज्या समाजात जातीने माणसाची ओळख ठरे, तेथे एका पुलय मजुराची ओळख त्याने राखलेल्या झाडावरून ठरली.

पोक्कुडन मात्र उपाधीवर थांबले नाहीत. २००२ मध्ये त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले; त्याच्या शीर्षकाचा अर्थ 'कांदळवनांमध्ये माझे जीवन' असा होतो. त्यात खाडी, मासे, कांदळाचे प्रकार आहेत, आणि त्याच पानांवर जमीनदारी, अस्पृश्यता आणि पक्षातील अनुभवही आहेत. चिखलात राबणाऱ्याला चिखलाचे ज्ञान असते, आणि तो चिखल त्याच्या वाट्याला जातीमुळे आलेला असतो. या दोन गोष्टी ते एकमेकींपासून तोडू देत नाहीत. मराठी दलित आत्मकथनांच्या अभ्यासकांनी हे पुस्तक शेजारी ठेवून वाचावे, असे सुचवावेसे वाटते. आपल्या आत्मकथनांतील नदी, माळ, मेलेली जनावरे यांच्याकडे पर्यावरणज्ञान म्हणून फारसे कोणी पाहिलेले नाही. शाळाशाळांतून बोलावणी येऊ लागल्यावर पोक्कुडन सत्कारमूर्ती म्हणून जात आणि तेथे शिकवीत. ते २०१५ मध्ये वारले.

केरळात ही भूमी आधी तयार झालेली होती. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या केरळ शास्त्र साहित्य परिषदेने विज्ञान मातृभाषेत नेले. सायलेंट व्हॅलीच्या लढ्यात सुगतकुमारी यांच्यासारखी कवयित्री उतरली. वृक्षमित्र पुरस्काराच्या प्रारंभीच्या मानकऱ्यांत त्यांचे नाव आहे. पय्यन्नूरच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राचे अध्यापक जॉन सी. जेकब यांनी विद्यार्थ्यांना घेऊन जंगलांत शिबिरे भरविली. पर्यावरणशिक्षण हेच त्यांचे आयुष्यभराचे काम होते. केरळबाहेर त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही.

मराठीत या प्रकारचा मोठा गौरव एका वनाधिकाऱ्याला मिळाला, तोही वाङ्मयीन व्यासपीठावर. २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मारुती चितमपल्ली यांच्याकडे आले. नवेगाव, नागझिरा, मेळघाट येथील नोकरीत त्यांनी जे ऐकले, ते मराठीत आणले. पाखरांच्या वसतिस्थानांसाठी 'काकागार', 'सारंगागार' असे शब्द वापरात आणले. शब्द देणे हेही शिकविणेच. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला ते गेले. लोकांनी त्यांना 'अरण्यऋषी' म्हटले. ही उपाधी प्रेमाने दिलेली आहे, तरी तिच्याविषयी शंका नोंदवितो. ऋषी स्वयंप्रज्ञ असतो, त्याला ज्ञान तपाने मिळते. चितमपल्लींनी मात्र आपले ज्ञान नवेगावच्या माधवराव पाटलांसारख्या जाणकारांकडून आणि रानात वावरणाऱ्या माणसांकडून मिळविले, आणि तसे आपल्या लेखनात वारंवार सांगितले. ऋषी म्हटले की ती गुरुपरंपरा झाकली जाते. गजधराला शिरपाव देताना त्याचा जोडिया शेजारी उभा असेल, अशी कल्पना करायला हरकत नाही.

अनुपम मिश्र यांचा जन्म वर्ध्याचा. त्यांना १९९६ मध्ये इंदिरा गांधी पर्यावरण पुरस्कार मिळाला आणि २०११ मध्ये जमनालाल बजाज पुरस्कार. डिसेंबर २०१६ मध्ये ते वारले. 'आज भी खरे हैं तालाब'चे हक्क त्यांनी राखून ठेवले नाहीत. ज्याला हवे त्याने छापावे, भाषांतर करावे, अशी मुभा होती. ग्रंथाची रेखाटने इंदूरच्या दिलीप चिंचाळकर यांची आहेत. महाराष्ट्राबाहेर रुजलेल्या मराठी घराण्याचा हा हात त्या हिंदी पुस्तकात आहे. मराठीसह अनेक भारतीय भाषांत ते गेले, ब्रेलमध्येही आले. संस्थांनी, वृत्तपत्रांनी आणि पदरमोड करणाऱ्या व्यक्तींनी ते आपापल्या गरजेप्रमाणे छापले, काही ठिकाणी वाचून झाल्यावर तलावाचा गाळही उपसला. एकूण प्रती किती निघाल्या, याचा नेमका हिशेब लागत नाही.