एकट्याचा धंदा : दिल्लीच्या एका दवाखान्याचा इतिहास

आपल्या समाजात हुन्नराची वाण कधीच नव्हती. औरंगाबादचा हिमरू विणणारा, मालेगाव-भिवंडीचा मागवाला, गल्लीतला अत्तार, भांड्यांना कल्हई करणारा, मशीनवर मान मोडून बसणारा शिंपी, यांच्या हाताला नावे ठेवण्याची कोणाची छाती होणार नाही. परंतु हाच कारागीर आठ दिवस आजारी पडला की दुकानाला फळ्या लागतात, आणि तो अल्लाला प्यारा झाला की चाळीसाव्याच्या आत त्याची हत्यारे विकायला निघतात. मुलाला बापाचे काम थोडेफार येत असते. पण माल कोठून उधार मिळतो, कोणाकडून किती येणे आहे आणि गिऱ्हाईक नेमके कशासाठी आपल्याच दारात येते, हे बापाच्या डोक्यात असते आणि बापाबरोबर जाते. मग घरातील जाणती माणसे म्हणतात, धंद्यात काही राम नाही, पोराला कुठेतरी नोकरीला चिकटवा.

एकट्याने काढलेले दुकान त्या एकट्याच्या पश्चात का बुडते, आणि क्वचित एखादे का तरते, हे पाहावयाचे असेल तर दिल्लीच्या हमदर्द दवाखान्याचा इतिहास पाहण्यासारखा आहे. हमदर्दचे नाव ठाऊक नाही असे घर आपल्यात विरळाच. रमजानमध्ये इफ्तारच्या दस्तरखानावर ती लाल शरबताची बाटली असतेच. मात्र त्या बाटलीच्या मागे एका हकिमाचे छोटेसे दुकान होते, हे आपल्या मुलांना सहसा कोणी सांगत नाही.

हकीम हाफिज अब्दुल मजीद हे मूळचे पिलीभीतचे. कुराण त्यांना मुखोद्गत होते, म्हणून नावामागे हाफिज. दिल्लीत त्या काळी युनानी वैद्यकात हकीम अजमल खान यांचे नाव सर्वांत मोठे होते, आणि त्यांच्या हिंदुस्थानी दवाखान्यात अब्दुल मजीद यांनी काम केले. दुसऱ्याच्या पेढीवर राहून त्यांनी औषधे कशी बनतात ते पाहिले आणि ती कशी खपतात तेही पाहिले. १९०६ मध्ये जुन्या दिल्लीत त्यांनी स्वतःचे दुकान थाटले व त्याला हमदर्द असे नाव दिले. दुखणाऱ्याच्या दुखण्यात जो सहभागी तो हमदर्द. या नावात स्वतःचे नाव नाही, गावाचे नाही आणि घराण्याचेही नाही, याकडे लक्ष द्यावे. त्या काळचे दवाखाने हकिमाच्या नावाने चालत. अमक्या हकिमांचा दवाखाना म्हटले की ते हकीमसाहेब गेल्यावर लोक दुसरा हकीम शोधत. हमदर्द हे नाव कोणाच्या मृत्यूने जुने होणारे नव्हते. हे त्यांनी योजून केले की सहज सुचले, ते सांगता येत नाही. पण पुढे त्याचा उपयोग फार मोठा झाला.

आता हकिमाच्या धंद्याचे गणित पाहा. हकीम गादीवर बसतो, एकेका रोग्याची नब्ज पाहतो, नुस्खा लिहितो. अत्तार त्या नुस्ख्याप्रमाणे पुडी बांधतो. हकीम कितीही निष्णात असला तरी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो मोजकीच माणसे तपासणार. कमाईला दिवसाच्या तासांची मर्यादा पडते. शिंप्याचे, गवंड्याचे, शिकवणी घेणाऱ्या मास्तरांचेही गणित हेच आहे. हात थांबला की पैसा थांबला.

१९०७ मध्ये अब्दुल मजीद यांनी रूह अफजा हे शरबत काढले आणि हे गणितच बदलले. दिल्लीचा उन्हाळा ज्याने सोसला आहे त्याला लू म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. तापलेल्या वाऱ्याने माणूस चक्कर येऊन पडतो, अंगातील पाणी जाते. यावर युनानी वैद्यकात थंड गुणाची म्हणून मानलेली फळे, फुले व वनस्पती आहेत. गुलाब, केवडा, खस, पुदिना, कासनी, कलिंगड, संत्रे इत्यादींचे अर्क व रस साखरेच्या पाकात एकत्र करून हे शरबत तयार झाले. म्हणजे ते निघाले उन्हाळ्यावरचे औषध म्हणून. परंतु ते प्रत्येक रोग्यासाठी वेगळे करावे लागत नव्हते. एकदा मोठ्या पातेल्यात बनवावे, बाटल्यांत भरावे आणि फळीवर ठेवावे. हकीमसाहेब घरी असोत, मशिदीत असोत वा प्रवासात असोत, बाटली विकली जाई. शिवाय घट्ट पाकात साखरच इतकी असते की शरबत लवकर नासत नाही. ज्या काळी बर्फसुद्धा चैनीची गोष्ट होती त्या काळी हा गुण काही थोडा नव्हता.

याला लागणारी योजना मात्र सोपी नाही, आणि एकट्याने धंदा करू पाहणाऱ्या तरुणाने येथे थोडे थांबावे. उत्तर हिंदुस्थानात देशी गुलाब फुलतो वसंतात. अर्क काढायचा तो तेव्हाच. साखर, बाटल्या, सरपण, मजुरी यांचा पैसाही तेव्हाच द्यावा लागतो. विक्री मात्र लू सुटल्यावर, म्हणजे महिना दोन महिन्यांनी. या मधल्या काळात गल्ल्यात खडखडाट असतो आणि घरखर्च काही थांबत नाही. ज्याने दुकानाची थैली आणि घराची थैली एक ठेवली त्याचे गुलाबाचे पैसे किराण्यात गेलेच म्हणून समजा. नुकसानीने बुडालेल्या दुकानांपेक्षा अशा रीतीने बुडालेली दुकाने माझ्या मते अधिक असतील. पण ती मोजतो कोण?

ऋतूबरोबर दुसरी दिनदर्शिका येते ती हिजरी. आज आपण रूह अफजा आणि रमजान ही जोडी गृहीत धरतो. परंतु १९०७ साली रमजान आला होता ऑक्टोबरमध्ये, लू केव्हाच संपल्यावर. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने रोजे दरवर्षी मागे सरकतात. १९१८ साली ते जूनमध्ये, भर उन्हाळ्यात आले. म्हणजे ज्या मालाला पहिल्या वर्षी उन्हाळा आणि रोजे हे दोन वेगवेगळे हंगाम होते, त्याला अकरा वर्षांनी दोन्ही एकाच वेळी मिळाले. आपल्या मोहल्ल्यात खजूर, शेवया, टोप्या किंवा अत्तर विकणाऱ्याला ही दोन पंचांगे समोर ठेवूनच मालाची खरेदी करावी लागते. हे गणित आमच्या शाळांतून अंकगणिताच्या तासाला का शिकवीत नाहीत, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

माल चांगला झाला, आता तो ओळखावा कसा? सुरुवातीच्या बाटल्या दारूला वापरतात त्याच मापाच्या काचेच्या होत्या. मनात येते, मोमिनाच्या दस्तरखानावर येणाऱ्या शरबताने प्रवास कोठून सुरू केला पाहा! बाटली दुसऱ्यासारखी आणि लाल रंगही कोणाला करता येण्यासारखा. तेव्हा भरवसा राहिला तो बाटलीवरच्या कागदावर. १९१० मध्ये मिर्झा नूर अहमद या कलावंताने रूह अफजाचे लेबल रंगवले. त्यात फळे होती, फुले होती. परंतु इतके रंग एका कागदावर नीट उतरवील असा छापखाना त्या वेळी दिल्लीत नव्हता. ते काम मुंबईला पाठवावे लागले आणि तेथील बोल्टन प्रेसने ते छापले. मुंबईत रंगीत शिळाछपाईची विद्या आधीच रुजलेली होती. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली याच शहरात सुरू झाला होता, आणि देवादिकांच्या रंगीत तसबिरी घरोघर जाऊ लागल्या होत्या.

चार वर्षांचे कोवळे दुकान, आणि त्याने आपले लेबल छापायला रेल्वेने मुंबईस पाठवायचे! शेजारच्या दुकानदारांनी याला उधळपट्टी म्हटले असल्यास नवल नाही. पण ज्याला वाचता येत नव्हते अशा गिऱ्हाईकालाही ते चित्र ओळखता येत होते. नोकराला पैसे देऊन ‘ती फुलांच्या चित्राची बाटली आण’ म्हटले की चुकीचा माल येत नसे. जाहिरात म्हणजे आपल्याच मालाची आपण केलेली बढाई, असे आपल्याकडील अनेक सज्जन समजतात. ती खोटी असेल तर बढाईच. पण चांगल्या मालाला ओळखीची खूण देणे ही गिऱ्हाईकाची सोय आहे, त्यात लाजण्यासारखे काय?

येथे एक अलीकडचे उदाहरण ओघात सांगून टाकतो, कारण लेबल झाले की गिऱ्हाईक आपोआप येते असा कोणाचा समज व्हायला नको. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी घरीच धुण्याची पावडर बनवायला सुरुवात केली. ते सरकारी खात्यात रसायनशास्त्राचे काम करीत. कचेरी सुटल्यावर सायकलवर पुड्या घेऊन ते दारोदार विकीत. मोठ्या कंपनीच्या पावडरपेक्षा त्यांचा भाव पुष्कळ कमी होता. मुलीच्या नावावरून त्यांनी मालाला निरमा हे नाव दिले. नोकरी सोडली ती पुढे, धंद्याचे पाय जमिनीला लागल्यावर. बायकोच्या अंगावरचे दागिने विकून पहिल्याच दिवशी मोठे दुकान थाटणाऱ्यांनी या सायकलीचा विचार जरूर करावा.

पुन्हा दिल्लीकडे वळू. हकिमांवर त्या वर्षांत दुसरेही संकट होते. १९१२ साली मुंबई इलाख्यात वैद्यकीय नोंदणीचा कायदा झाला. त्यात पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्या डॉक्टरांनाच स्थान होते. हकीम आणि वैद्य नोंदवहीच्या बाहेर राहिले. हकीम अजमल खान यांनी वैद्य व हकीम यांना एकत्र आणून याविरुद्ध चळवळ केली. सरकार ज्याला ओळखत नाही अशा माणसाच्या औषधाला लोकांची ओळख हाच एक दाखला उरतो. हमदर्दचे नाव आणि ते रंगीत लेबल या काळात किती मोलाचे ठरले असेल याची कल्पना करता येते.

आणि मग १९२२ साल उजाडले. हकीम अब्दुल मजीद चाळिशीच्या आत वारले. मागे पत्नी राबिया बेगम. थोरला मुलगा अब्दुल हमीद चौदा वर्षांचा, धाकटा मोहम्मद सईद अवघा दोन वर्षांचा. लेखाच्या आरंभी सांगितले ते दृश्य येथे पुरे जमून आले होते. दुकानाला फळ्या लागायच्या, सामान विकले जायचे, आणि मुलांनी कोणाच्या तरी आश्रयाला जायचे.

तसे झाले नाही. राबिया बेगम यांनी दवाखाना चालू ठेवला आणि मुलाला हाताशी घेऊन तयार केले. स्त्रीने पेढी सांभाळावी ही त्या दिल्लीत साधी गोष्ट नव्हती. त्यांच्या हिमतीला त्रिवार सलाम! पण नुसत्या हिमतीने भागले असते काय, हाही प्रश्न विचारला पाहिजे. हकीमसाहेबांची नब्जपरीक्षा त्यांच्याबरोबर गेली. ती बेगमसाहेबांना कोठून मिळणार? मागे उरले ते ठरलेल्या कृतीने बनणारे शरबत, बाटलीवरचे ओळखीचे लेबल, आणि कोणा एका माणसाचे नसलेले दुकानाचे नाव. गिऱ्हाईक दुकानात येऊन हकीमसाहेब आहेत का असे विचारत असते तर त्याला परत जावे लागले असते. ते रूह अफजा आहे का असे विचारी, आणि ते फळीवर होते.

अब्दुल हमीद यांनी मोठेपणी युनानी औषधांच्या उत्पादनात यंत्रे आणली व कारखाना वाढवला. सईददेखील हकीम झाले. १९४७ साली देश फाळणीने दुभंगला तसे हे घरही. थोरले दिल्लीत राहिले. धाकटे १९४८ च्या आरंभी कराचीला गेले आणि तेथे भाड्याच्या एका खोलीत, भाड्याच्या सामानावर त्यांनी पुन्हा दवाखाना मांडला. बेचाळीस वर्षांपूर्वी बापाने केले तेच, पुन्हा एकट्याने. फरक एवढाच की दिल्लीहून निर्वासित होऊन आलेल्या लोकांना ते नाव नव्याने सांगावे लागत नव्हते.

त्याच १९४८ साली दिल्लीत हकीम अब्दुल हमीद यांनी हमदर्द ही पेढी वक्फ केली. तिचे उत्पन्न आरोग्य व तालीम यांसाठी वाहिले. तुघलकाबादजवळ त्यांनी उभारलेल्या संस्थांतून जामिया हमदर्द घडली आणि १९८९ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. युनानी वैद्यकाबरोबर तेथे औषधनिर्माणशास्त्र आणि परिचर्या हेही विषय शिकवले जातात, आणि आपल्या मुलींनाही तेथे प्रवेश आहे.