‘ति’, ‘म्हणून’ आणि भाषाशुद्धी

मज्झिम निकायातील अरणविभंग सुत्तात भगवान बुद्ध एकाच पात्राची जनपदागणिक निरनिराळी नावे सांगतात आणि त्यांपैकी एकच खरे, असा हट्ट धरू नये म्हणतात. भाषेच्या ‘शुद्धी’वरून माणसांची प्रतवारी लावणाऱ्या परंपरेचा तो हट्ट सुटला नाही. पालीत वक्त्याचे शब्द संपले की ‘ति’, म्हणजे ‘इति’, येते. मराठीत त्या जागी ‘म्हणून’ (‘येतो म्हणून सांगितले’), कन्नडमध्ये ‘एंदु’, तेलुगूत ‘अनि’. या तिन्हींचा मूळ अर्थ ‘बोलून’ असाच. शब्द वेगळे, घडण एक! डच पंडित कायपर यांनी १९६७ साली ऋग्वेदातील ‘इति’च्या प्रयोगामागेही द्राविडी संपर्क पाहिला. हे मत सर्वमान्य नाही. पण ते खरे असेल, तर वेदवाणीही अनार्यांच्या बोलण्यापासून अलिप्त राहिली नव्हती.