रक्तातील वारसा

ज्ञातिबांधवहो, वारसा म्हणजे केवळ आडनाव, कुलदैवत व जमीनजुमला नव्हे; तो रक्तातूनही येतो. विदर्भात शिक्षक असताना, सांधे दुखतात म्हणून वारंवार गैरहजर राहणाऱ्या एका मुलास आम्ही कामचुकार समजून छडी मारली. पुढे त्यास सिकलसेल असल्याचे कळले. ती छडी आम्हांस आजही बोचते.

या विकारातील विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींचे वर्णन शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी सन १९१० मध्ये प्रसिद्ध केले. सन १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनाच्या रेणूत असल्याचे सिद्ध केले. पुढे व्हर्नन इंग्राम यांस आढळले की, १४६ अमिनो आम्लांच्या साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्यानेच हा अनर्थ होतो.

हा दोष माता व पिता या दोघांकडून आला तरच अपत्य आजारी होते, हे १९४९ मध्येच जेम्स नील यांनी दाखविले. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास आजाराची शक्यता चारात एक असते. वाहक स्वतः बहुधा धडधाकट असतो, म्हणून दोष लपून राहतो. आणि सोयरिकीचे वर्तुळ लहान असले म्हणजे दोन वाहकांची गाठ पडणे सोपे होते. तेव्हा केवळ सुनेस बोल लावणे अथवा पूर्वजन्मीचे पाप काढणे हा निव्वळ अन्याय होय.

वधूवरांच्या पत्रिका पाहण्यापूर्वी दोघांचे रक्त तपासावे. त्यात कुळास कमीपणा नाही, पुढील पिढीचे कल्याण मात्र आहे, एवढेच आमचे नम्र सांगणे.