गिरगावची चौपाटी

सायंकाळचे सहा वाजण्याच्या सुमारास मुंबईतील चर्नी रोड स्टेशनाचा पूल उतरून माणसांचे लोंढे पश्चिमेकडे वळू लागतात. कचेरीतून सुटलेला कारकून, नातवाचे बोट धरून आलेले आजोबा, मुंबई पाहण्यासाठी परगावाहून आलेले कुटुंब, भेळेच्या पुड्यासाठी हट्ट धरून बसलेली पोरे, अशी नाना प्रकारची मंडळी त्या अर्धचंद्राकार पुळणीवर पसरतात. डाव्या हाताला मरीन ड्राइव्हचे दिवे लागतात, उजवीकडे मलबार टेकडी काळोखात बुडू लागते. येथे बसायला तिकीट लागत नाही, जात कोणी विचारीत नाही आणि ऊठ म्हणायलाही सहसा कोणी येत नाही. मुंबईसारख्या शहरात, जिथे वीतभर जमिनीचेही मोल होते, तिथे एवढी वाळू मोकळी राहिली कशी, हा प्रश्न मात्र भेळ खाणाऱ्याच्या मनात क्वचितच येतो. त्या प्रश्नाच्या उत्तरातच चौपाटीचा इतिहास सामावलेला आहे.

चौपाटी हे नाव जुने आहे. ‘चौ’ म्हणजे चार आणि ‘पाटी’ म्हणजे पाण्याची वाट, अशी त्याची फोड केली जाते. पालघरकडील सातपाटी ह्या कोळ्यांच्या गावाचे नावही त्याच धर्तीचे आहे. एके काळी भरतीचे पाणी चार वाटांनी ह्या सखल भागात शिरत असावे, असा तर्क ह्या नावावरून जुन्या अभ्यासकांनी केला. इंग्रजांनी ह्या जलभागाला ‘बॅक बे’, म्हणजे पाठीमागचा उपसागर, असे नाव दिले. पाठीमागचा म्हणजे कोणाच्या पाठीमागचा? किल्ल्याच्या आणि बंदराच्या. मुंबईचे तोंड पूर्वेला. तिकडचे पाणी खोल आणि वाऱ्यापासून सुरक्षित, म्हणून गलबते आणि आगबोटी तिकडेच नांगर टाकीत. पश्चिमेकडचा हा उपसागर उथळ, खडकाळ आणि पावसाळी वाऱ्याला उघडा. व्यापाऱ्याच्या दृष्टीने तो कुचकामाचा होता. कोळ्यांच्या होड्या, नारळीची झाडे आणि वाळू, एवढीच त्याची संपत्ती.

एकोणिसाव्या शतकात पूर्व किनाऱ्याचे रूप झपाट्याने पालटले. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि विलायतेची वाट जवळ आली. १८७३ साली पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. १८७५ साली ससून गोदी, १८८० साली प्रिन्सेस गोदी, १८८८ साली व्हिक्टोरिया गोदी आणि १९१४ साली अलेक्झांड्रा गोदी अशी एकामागून एक कामे पुरी होत गेली. गोद्यांबरोबर वखारी आल्या, फाटके आली, उंच भिंती आल्या. ज्या बंदराने मुंबईला मोठे केले, ते बंदर मुंबईकराच्या दृष्टीआड गेले. समुद्राने वेढलेल्या ह्या नगरीतील सामान्य माणसाला निवांतपणे पाण्याजवळ जायचे असेल, तर त्याने पाठीमागच्या दाराने जावे अशी अवस्था झाली.

पण हे पाठीमागचे दारही सुखासुखी उघडे राहिले नाही. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैशाचा पूर लोटला. त्या पैशाच्या बळावर बॅक बेमध्ये भर घालून नवी जमीन काढण्यासाठी एक कंपनी उभी राहिली. तिचे भाग मूळ किमतीच्या कित्येक पट दराने विकले जाऊ लागले. समुद्रातून अद्याप वर न आलेल्या जमिनीवर लोक श्रीमंत होत होते! १८६५ साली युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि त्यांच्याबरोबर बॅंका, पेढ्या आणि ही कंपनीही कोसळली. जी थोडी जमीन भरून निघाली होती, तिच्या उपयोगाने बॉम्बे-बडोदा रेल्वेचे रूळ दक्षिणेकडे गेले.

समुद्र हटवण्याचा दुसरा मोठा प्रयत्न १९२० नंतर, गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड ह्यांच्या कारकीर्दीत झाला. ह्या वेळी खुद्द सरकारच पुढे आले. पण खर्चाचे अंदाज चुकले, गाळ उपसण्याचे गणित चुकले आणि कोट्यवधी रुपये पाण्यात गेल्याची ओरड सुरू झाली. तरुण पारशी वकील खुर्शेद नरिमन ह्यांनी ह्या कारभाराची लक्तरे वेशीवर टांगली. त्यांच्यावर एका सरकारी अभियंत्याने बेअब्रूचा खटला भरला, पण नरिमन त्यातून निर्दोष सुटले. योजनेला कात्री लागली. तिच्या ज्या भागाला पूर्णत्व आले, त्यातून मरीन ड्राइव्हचा डौलदार रस्ता मुंबईला मिळाला. त्याच्या उत्तर टोकाशी चौपाटीची वाळू मात्र शिल्लक राहिली.

मद्रासचा मरीना किनारा गव्हर्नर ग्रँट डफ ह्यांनी सहलीची जागा म्हणून आखून सजवला. गिरगावच्या चौपाटीला असा कोणी निर्माता लाभला नाही. तिला घडवले ते पाठीमागच्या वस्तीने. गिरगाव, ठाकूरद्वार, खेतवाडी ह्या भागांतील चाळींत एकेका खोलीत सात-आठ माणसांचे बिऱ्हाड असे. त्या माणसांना अंगण नव्हते. चौपाटी हेच त्यांचे अंगण झाले. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करण्यासाठी लोक येथे जमत. १८९३ साली गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला आणि पुढे अनंत चतुर्दशीला शहरभरच्या मूर्ती ह्या वाळूकडे येऊ लागल्या. उत्सवाच्या निमित्ताने माणूस एकत्र येतो आणि एकत्र आलेल्या माणसाला आपल्या संख्येची जाणीव होते. ती जाणीव लवकरच निराळ्या कारणासाठी उपयोगी पडली.

६ एप्रिल १९१९ रोजी, रौलट कायद्याच्या निषेधाच्या दिवशी, भल्या पहाटे हजारो लोक चौपाटीवर जमले. महात्मा गांधी तेथे होते. लोकांनी समुद्रस्नान केले आणि मिरवणुकीने ते ठाकूरद्वाराकडे गेले. मुसलमान बांधवही मोठ्या संख्येने सामील झाले होते. त्यांच्या आग्रहावरून गांधीजींनी आणि सरोजिनी नायडूंनी जवळच्या मशिदीत भाषणे केली. स्नान ही धर्माची गोष्ट आणि निषेध ही राजकारणाची. त्या सकाळी दोहोंना एकाच पाण्याने जोडले.

त्यानंतर सव्वा वर्षाने, १ ऑगस्ट १९२० रोजी, लोकमान्य टिळकांनी मुंबईतील सरदारगृहात देह ठेवला. मुसळधार पावसात लाखोंचा समुदाय रस्त्यावर उतरला. एवढ्या जनसमुदायाला नेहमीची स्मशानभूमी पुरणार नव्हती. अखेर खास परवानगी मिळाली आणि चौपाटीच्या वाळूवर चिता रचली गेली. गांधीजींच्या असहकाराच्या चळवळीचा आरंभही ठरल्याप्रमाणे त्याच दिवशी व्हायचा होता. एक युग जिथे निमाले, तिथेच दुसऱ्याचा उदय झाला. आज त्या ठिकाणी लोकमान्यांचा पुतळा उभा आहे. ज्या वाळूला व्यापाराने निरुपयोगी ठरवले होते, तिला त्या दिवसापासून तीर्थाची प्रतिष्ठा आली.

१९३० च्या एप्रिलमध्ये मिठाच्या सत्याग्रहाचे वारे मुंबईत आले, तेव्हा लोकांची पावले पुन्हा इकडेच वळली. अवंतिकाबाई गोखले आणि कमलादेवी चट्टोपाध्याय ह्यांनी येथे कायदा मोडून मीठ तयार केले. गोदीत मिठावरची जकात बसत होती आणि तिच्या उलट बाजूला, शहराच्या पाठीमागे, स्त्रिया चुली मांडून समुद्राचे पाणी आटवीत होत्या. मुंबईच्या दोन किनाऱ्यांमधील अंतर त्या दिवशी जेवढे स्पष्ट दिसले, तेवढे क्वचितच दिसले असेल.

स्वातंत्र्यानंतरही वाळूने आपला स्वभाव सोडला नाही. २० नोव्हेंबर १९५५ रोजी मोरारजी देसाई आणि स. का. पाटील ह्यांची सभा येथे भरली. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, हा सूर ऐकताच श्रोते खवळले आणि सभा उधळली गेली. दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबारात पंधरा माणसे मृत्युमुखी पडली. पुढे १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. सभेत दगड-चपला फेकणे हे काही सुसंस्कृतपणाचे लक्षण नव्हे. पण परकीयांपुढे जशी येथे लोकांनी मान तुकवली नाही, तशीच स्वकीयांपुढेही तुकवली नाही, एवढे त्यातून दिसले.

काळ पालटला. मोठ्या सभा शिवाजी पार्क आणि आझाद मैदान येथे गेल्या. मलबार टेकडीखालून बोगदा खणून २०२४ साली सागरी मार्ग सुरू झाला आणि मोटारी आता चौपाटीकडे न पाहताच पुढे निघून जातात. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धवट विरघळलेल्या मूर्तींचे अवशेष लाटांबरोबर परत येतात आणि पालिकेचे कामगार ते मुकाट्याने गोळा करतात. लोकांनी कमावलेली जागा लोकांनीच जपायची असते, ह्याची ती दरवर्षी मिळणारी आठवण आहे.

दुपारपर्यंत वाळू स्वच्छ होते. सायंकाळी चर्नी रोडच्या पुलावरून पुन्हा लोंढा उतरतो. त्यातील पुष्कळांना रौलट कायदा ठाऊक नसतो, भराव-कंपनीही ठाऊक नसते. ते वाळूवर कागद अंथरतात आणि आपल्याच घरच्या अंगणात बसावे, तसे निर्धास्तपणे बसतात. त्या निर्धास्तपणासाठीच तर एवढा इतिहास घडला.