जुने संगणक, मुक्त सॉफ्टवेअर आणि शिक्षक

शाळेतला संगणक 'जुना झाला' असं आपण केव्हा म्हणतो? खरं तर त्याचा प्रोसेसर पहिल्या दिवसाइतक्याच वेगानं आकडेमोड करत असतो. बदललेलं असतं ते सॉफ्टवेअर. नव्या आवृत्तीला जास्त मेमरी लागते, आणि चालतं यंत्र अडगळीत जातं. यातून वाट काढण्याच्या प्रयत्नांना एक छोटासा इतिहास आहे.

१९८३ साली अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअर कोणालाही वापरता, अभ्यासता, बदलता आणि इतरांना देता आलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. म्हणजे 'मुक्त' याचा अर्थ फक्त 'फुकट' नव्हे. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं 'लिनक्स' हा कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, सर्वांसाठी खुला केला. घरगुती संगणकातल्या ३८६ प्रोसेसरवर तो चालत असे. ग्नू आणि लिनक्स एकत्र आले आणि एक संपूर्ण मुक्त कार्यप्रणाली हाती आली.

शाळांना हे सोयीचं वाटणं साहजिक होतं. १९९८ साली मेक्सिकोत सुमारे १,४०,००० शाळांमध्ये लिनक्स पोचवण्याची योजना जाहीर झाली. परवान्यांचा प्रचंड खर्च वाचणार होता. प्रत्यक्षात काही वर्षांतच योजना बारगळली. मोडेमसारख्या जोडभागांचे ड्रायव्हर मिळेनात, आणि अडलं तर सांगणारं माणूस शाळेजवळ नव्हतं. सॉफ्टवेअर फुकट होतं. ते शिकवणं फुकट नव्हतं.

जुन्या यंत्रांच्या प्रश्नावर एक चांगली युक्ती १९९९ मध्ये पुढे आली. अमेरिकेतल्या जिम मॅकक्विलन यांनी 'लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट' सुरू केला. कल्पना सोपी आहे. स्वयंपाक एकाच मोठ्या चुलीवर करायचा आणि ताटं मात्र अनेक मांडायची. वर्गात एक दमदार संगणक, म्हणजे सर्व्हर, ठेवायचा. बाकीचे जुने संगणक तारेनं त्याला जोडायचे. त्यांना हार्ड डिस्कचीही गरज नाही. कळफलक आणि माउसच्या हालचाली सर्व्हरकडे पाठवायच्या आणि उत्तर पडद्यावर दाखवायचं, एवढंच त्यांचं काम. दुरुस्ती एकाच ठिकाणी करावी लागते. मात्र सर्व्हर बंद पडला, की सगळा वर्ग थांबतो! २००१ साली नॉर्वेत सुरू झालेल्या 'स्कोलेलिनक्स'नं हीच पद्धत वापरली, आणि सॉफ्टवेअर मुलांच्या भाषेतही आणलं.

आपल्या देशातलं मोठं उदाहरण केरळचं. तिथे २००१ साली 'आयटी अ‍ॅट स्कूल' प्रकल्प सुरू झाला. सुरुवातीला अभ्यासक्रमाचा भर एका कंपनीच्या सॉफ्टवेअरवर होता. त्याला मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी आणि शिक्षक संघटनेनं आक्षेप घेतला. सरकारी शाळेनं एकाच कंपनीचं सॉफ्टवेअर का शिकवावं, हा त्यांचा प्रश्न होता. काही काळ दोन्ही प्रकार चालले आणि २००८ पासून मुक्त सॉफ्टवेअरच राहिलं.

मेक्सिकोत जे फसलं ते इथे का टिकलं? केरळनं आधी माणसं तयार केली. शाळांतल्याच शिक्षकांना प्रशिक्षक केलं आणि त्यांनी इतरांना शिकवलं. पाठ्यपुस्तकाला धरून कार्यप्रणालीची खास आवृत्ती बनवली. तिच्यात भूमितीसाठी 'जिओजेब्रा', मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीसाठी 'कॅल्झियम' अशी साधनं घातली आणि मल्याळमही आणली. भाषांतर करायला कोणा कंपनीची परवानगी लागत नव्हती. 'मुक्त' या शब्दाचा खरा उपयोग इथे दिसतो.

तरीही मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे जादू नव्हे. लिनक्सनंही २०१३ साली आलेल्या ३.८ या आवृत्तीत ३८६ प्रोसेसरला निरोप दिला. ज्या यंत्रावर तो जन्मला, त्याच यंत्राला! जुनी यंत्रं आणखी काही वर्षं चालवता येतात, कायमची नव्हे. यंत्र बदलेल, आवृत्ती बदलेल. ज्या शिक्षकानं संगणक स्वतः उघडून पाहिला आहे, त्यात स्वतः कार्यप्रणाली बसवली आहे, त्याची समज मात्र पुढच्या यंत्रावरही उपयोगी पडते.

तेव्हा शाळेत कापडाखाली झाकलेला एखादा संगणक असेल, तर भंगारात देण्यापूर्वी नववी-दहावीच्या चार मुलांना घेऊन तो सुरू करून पाहा. चालला तर उत्तमच. नाही चालला, तरी का चालला नाही हे शोधणं हादेखील विज्ञानाचा एक चांगला तास होईल.